वरातीतल्या घोडीचं पाप कुणाच्या खात्यात?



पुढच्या महिन्यात माझ्या पुतण्याचं लग्न आहे. घरात चर्चा एकच, वरातीला घोडी ठरवायची की रथ? रथालाही घोडीच जुंपतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मी दोन्हींना नाही म्हटलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "दोन तासांचा तर प्रश्न आहे. आणि घोडी आपली थोडीच आहे?"

हेच वाक्य मला खटकलं. घोडी आपली असते तेव्हा काय असतं, ते मी पाहिलंय.

माझ्या माहेरी, शिरोळकडे, आण्णांनी घोडी पाळली होती. घोडी अकरा महिने गाभण राहते. तिचं शिंगरू जन्मल्यावर तासाभरात थरथरत उभं राहिलं, ते मी कंदिलाच्या उजेडात पाहिलं. त्या शिंगराला आण्णांनी चाबूक न दाखवता शिकवलं. आधी नुसता अंगावरून हात, मग खरारा, मग लांब दोरीवर गोल फिरवणं. तीन वर्षांची होईपर्यंत पाठीवर कुणाला बसू दिलं नाही. "हाडं कच्ची आहेत अजून," म्हणायचे. वेळेवर चंदी, भिजवलेले हरभरे, दिवसाला दोन-तीन घागरी पाणी, दीड-दोन महिन्यांनी नालबंद. मी शाळेतून आले की माझी चाहूल लागताच ती कान टवकारून फुरफुरायची. तो आनंद दागिन्यातही नाही.

दुःखही तेवढंच. एका पावसाळ्यात तिच्या आईला पोटशूळ उठला. घोड्याला उलटी होत नाही, पोटात साचलेलं वर येऊन मोकळं व्हायची वाटच नाही. आण्णांनी रात्रभर तिला हळूहळू फिरवलं. पहाटे ती गेली. आण्णा दोन दिवस जेवले नाहीत.

पुढे आण्णांना अर्धांगवायू झाला आणि आम्ही ती लहान घोडी विकली. घेणारा म्हणाला, "घरच्यासारखी ठेवीन." चार वर्षांनी एका वरातीत ती मला दिसली. कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यावरून ओळखली. ओठांचे कोपरे फाटलेले, लगामाला आतून काटे. कानाशी बँड, पायाशी फटाके. मी हाक मारली, तिनं कानही हलवला नाही. आणि मी त्या वरातीत अक्षता घेऊन उभी होते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. म्हणजे जखडणं, मारणं, अवयव कापणं, जास्त ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. छेद सोडला तर बाकीचे चार मला त्या एका वरातीत दिसले. आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्ताआधी जेवतो. आणि दारात सजवून उभी केलेली घोडी संध्याकाळपासून तहानलेली आहे का, हे विचारत नाही!

"घोडी आपली नाही" ही पळवाट आपल्या धर्मात नाही. कृत, कारित, अनुमोदना : स्वतः करणं, करवून घेणं, संमती देणं. भाडं देणारा करवून घेतो, नाचणारे संमती देतात. काटेरी लगाम तर कायद्यानंही चालत नाही, 1965च्या नियमांत त्याला मनाई आहे.

काही जणी म्हणतील, "घोडेवाल्याच्या पोटाचं काय?" प्रश्न खरा आहे. पण हंगाम दोन-चार महिन्यांचा आणि घोडी वर्षभर खाते. आपण भाड्यात घासाघीस करतो, ती शेवटी तिच्या चंदीतून कापली जाते. त्याच्या पोटाची एवढी काळजी असेल तर पैसे द्या, घोडी घरी राहू दे. आणि घोडं प्रेमानं पाळणाऱ्यावर माझा राग नाही. मी त्याच घरची लेक आहे. माझा राग आहे तो दोन तासांपुरतं मिरवून तोंड फिरवणाऱ्यांवर.

संभवनाथ भगवानांचं लांछन घोडा आहे. त्याच्यापुढे आपण हात जोडतो. नेमिनाथ तर आपल्याच वरातीतून, कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून परत फिरले. ती कथा आपण दर वर्षी डोळे पुसत ऐकतो आणि आपल्या घरच्या वरातीत बँडचा आवाज वाढवतो.

माझा पुतण्या बस्तीपासून मांडवापर्यंत पायी जाणार आहे. तो लगेच तयार झाला, मोठ्यांनाच पटायला वेळ लागला. भाड्याची रक्कम आम्ही पांजरपोळात चाऱ्यासाठी देणार आहोत.

क्षमावाणीच्या दिवशी सगळ्या जीवांची क्षमा मागताना मला आधी ती घोडी आठवते. तुमच्या घरी लग्न असेल, तर घोडी ठरवण्याआधी एकदा जवळ जाऊन तिच्या ओठांचे कोपरे बघा. मग ठरवा.