विश्लेषण : कंदांचे चांगले बेणे शेतकऱ्याला का मिळत नाही?

पाऊस तोंडावर आला की पनवेल तालुक्यात भाताच्या बियाण्याची चर्चा सुरू होते. वाण कोणते, पिशवी कितीला, दुकान कोणते, हे सगळे ठाऊक असते. कर्नाळ्याच्या आसपासच्या वाड्यांवर परसात आणि वरकस जमिनीत लागणाऱ्या सुरण, कणगर, कोनफळ, करांद्याच्या बेण्याला मात्र असे दुकान नाही. गेल्या वर्षीचे घरात उरले असेल तर लावायचे, नाही तर शेजाऱ्याकडे मागायचे.

बियाणे आणि बेणे यात फरक काय?

भाताच्या लावणीला हेक्टरी 40 ते 50 किलो बियाणे पुरते. सुरणाचे गणित वेगळे आहे. 90 सेंटिमीटर अंतरावर लावल्यास एका गुंठ्यात सुमारे सव्वाशे झाडे बसतात. प्रत्येकी अर्धा किलोचा तुकडा धरला, तरी गुंठ्याला 60 किलोंहून अधिक बेणे लागते. म्हणजे जे विकून पैसे मिळतील किंवा घरात खाता येईल, तेच मातीत घालावे लागते. शिवाय एका सुरणापासून पुढच्या वर्षी साधारण चार सुरणांपुरतेच बेणे तयार होते. त्यामुळे चांगले वाण गावभर पसरायला वर्षे लागतात.

कंपन्या यात का उतरत नाहीत?

बेणे जड असते, वाहतुकीत मार खाते, लवकर सडते. शेतकऱ्याने एकदा विकत घेतले की पुढे तो स्वतःच ते वाढवतो. दरवर्षी गिऱ्हाईक मिळण्याची खात्री नसल्याने खासगी व्यापाराला त्यात रस नाही. 1966 च्या बियाणे कायद्याच्या व्याख्येत कंद आणि छाटे येतात. पण व्याख्येत नाव असल्याने माल गावात पोहोचत नाही.

बेण्यातून रोगही पसरतो का?

हो, आणि हाच मोठा धोका. ज्याच्यापासून साबुदाणा बनतो त्या टॅपिओकाचे उदाहरण बोलके आहे. तमिळनाडू आणि केरळमध्ये या पिकाला मोझॅक विषाणूने सतावले. पांढरी माशी तो पसरवते, आणि रोगट झाडाचे छाटे लावले की शेतकरी नकळत स्वतःच तो पुढच्या हंगामात नेतो. सुरण, कोनफळालाही हाच नियम लागू पडतो: बेणे रोगट, तर शेत रोगट.

कर्नाळ्याच्या वाड्यांची अडचण कोणती?

कंद हिवाळ्यात निघतात, लावणी मे-जूनमध्ये होते. मधले चार-पाच महिने बेणे कोरड्या, हवेशीर जागी जपावे लागते. नेमक्या याच काळात रायगडमधील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. जाण्याआधी हाती पैसा हवा म्हणून कंद विकले जातात, उरलेले खाल्ले जातात. पावसाळ्यात परतल्यावर लावायला काही नसते. मग उरते ते जंगल. पण अभयारण्याच्या हद्दीत कंद खणायला कायद्याने मज्जाव आहे. त्यामुळे बेण्याचा प्रश्न हा इथे घरच्या अन्नाचाही प्रश्न ठरतो.

उपाय उपलब्ध आहे का?

तंत्र आहे. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने ‘मिनिसेट’ पद्धत विकसित केली. यात सुरणाचा मोठा तुकडा न लावता 100 ग्रॅमचे छोटे तुकडे दाट लावतात. त्यामुळे एकाचे चार होण्याऐवजी पंधरापर्यंत होतात. टॅपिओकात दोन डोळ्यांचे छाटे वापरून हेच प्रमाण एकास दहावरून एकास साठपर्यंत जाते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात कंद पिकांवर संशोधन होते. कणगराचे ‘कोकण कांचन’, घोरकंदाचे ‘कोकण घोरकंद’ ही वाणे तिथलीच.

मग अडते कुठे?

मिनिसेटने पहिल्या वर्षी मिळतो तो बाजारचा मोठा कंद नव्हे, तर पुढच्या हंगामाचे बेणे. हे एक वर्ष उत्पन्नाविना काढणे लहान शेतकऱ्याला झेपत नाही. सरकारी पैसा लागायला हवा तो इथेच. दोन-चार वाड्यांमागे एका महिला बचत गटाला विद्यापीठाचे निरोगी मूळ बेणे द्यावे, पहिल्या वर्षाची मजुरी द्यावी, उन्हाळ्यात साठवणीची जागा द्यावी. पीक उभे असतानाच कृषी सहायकाने रोगट झाडे ओळखून काढायला शिकवावे. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाने आपला वाटा या साठ्यात ठेवावा आणि परतल्यावर उचलावा. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला ब्रँडविना बेणे राखण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलेलाच आहे.

रानभाजी महोत्सवात करांद्याचे कौतुक होते ते योग्यच. पण जूनमध्ये वाडीवर बेणे नसेल, तर पुढच्या वर्षी कौतुकालाही करांदा उरणार नाही.