सातबारा आमचा, मत कुणाचं?

डिसेंबर-जानेवारीत सकाळी हैदराबाद रोडनं कॉलेजला येणाऱ्यांना वेगळं काही सांगायला नको. कांद्याच्या गाड्यांची रांग, त्यात अडकलेली एसटी आणि बुडालेलं पहिलं लेक्चर. आपण गाड्यांच्या नावानं बोटं मोडतो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरचा कांदा त्याच गाड्यांत असतो, हे मात्र तेव्हा आठवत नाही.

फेब्रुवारी २०२३ मधली एक बातमी तुम्ही मोबाइलवर नक्की पाहिली असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. त्या चेकचा फोटो देशभर फिरला. आपणही स्टेटसला ठेवला, दोन दिवस हळहळलो आणि विसरलो.

त्या चेकच्या मागं एक प्रश्न होता, तो कुणी फारसा विचारला नाही. कांद्याचा भाव बाजार समिती ठरवत नाही, हे मान्य. पण अडत्याला लायसन्स कोण देतं? वजनकाट्यावर लक्ष कुणी ठेवायचं? शेतकऱ्याचे पैसे थकले तर जाब कुणी विचारायचा? आवारात शेड, पाणी, मुक्कामाची सोय कुणी करायची? हे सगळं बाजार समितीचं संचालक मंडळ बघतं. १९६३ च्या कायद्यानं त्याला तसे अधिकार दिलेत आणि त्याचा खर्च चालतो तो यार्डात आलेल्या मालावरच्या सेसमधून. म्हणजे माल आला नाही तर मंडळही नाही. मग हे मंडळ माल आणणारा निवडतो का?

थेट नाही. मंडळात अठरा निवडून दिलेले संचालक असतात. त्यातले अकरा निवडतात विकास सोसायट्यांचे संचालक आणि चार निवडतात ग्रामपंचायत सदस्य. दोघांना व्यापारी-अडते निवडतात, एकाला हमाल-तोलार. गंमत बघा, व्यापारी स्वतः मत टाकतो, हमाल स्वतः मत टाकतो. फक्त शेतकऱ्याच्या वतीनं दुसराच कुणी टाकतो. सोसायटीचा सभासद असेल तर त्यानं आधी सोसायटीचे संचालक निवडायचे आणि त्या संचालकांनी बाजार समितीचे. ज्यांना सोसायटीचं सभासदत्वच मिळालेलं नाही, त्यांच्यासाठी ही अर्धी वाटही बंद.

यावर उपाय करून बघितला होता आणि तो आपल्याच सोलापुरात. २०१७ मध्ये राज्य सरकारनं कायदा बदलला. किमान दहा गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला थेट मताचा अधिकार मिळाला. या पद्धतीनं राज्यात ज्या पहिल्या निवडणुका झाल्या, त्यातली एक जुलै २०१८ मध्ये सोलापूर बाजार समितीची. मतदारांचा आकडा लाखाच्या वर गेला. पुढाऱ्यांना सोसायटीच्या ऑफिसात बसून याद्या जुळवणं पुरेना, बांधावर जावं लागलं.

पण हा प्रयोग टिकला नाही. जानेवारी २०२० मध्ये नव्या सरकारनं तो मागं घेतला. कारण दिलं खर्चाचं : एवढ्या मतदारांची निवडणूक बाजार समित्यांना परवडत नाही. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि शेतकऱ्याला मत देण्याची घोषणा पुन्हा झाली. प्रत्यक्षात २०२३ च्या निवडणुकांत शेतकऱ्याला उभं राहता आलं, मत मात्र देता आलं नाही. सोलापूरची निवडणूक एप्रिल २०२५ मध्ये झाली, तीही सोसायटी आणि ग्रामपंचायतीच्या मतदारांवरच. सरकार बदललं की शेतकऱ्याचं मत येतं आणि जातं. आमदार-खासदाराच्या निवडणुकीत असं झालं असतं तर आपण गप्प बसलो असतो का?

आता विरोधी बाजूही नीट ऐकू. पहिला मुद्दा : थेट मतदानानं काय बदललं? २०१८ ला एकाच पक्षाचे दोन मंत्री, सुभाष देशमुख आणि विजयकुमार देशमुख, समोरासमोर होते. पॅनेलं पुढाऱ्यांचीच, चेहरेही ओळखीचेच. हे खरं आहे. पण एका निवडणुकीत चेहरे बदलत नसतात. मतदार काही हजार असतात तेव्हा त्यांना गाठता येतं, सहलीला नेता येतं, मतदानाच्या दिवशी थेट केंद्रावर उतरवता येतं. लाखभर लोकांना सहलीला कोण नेणार? शिवाय त्याच निवडणुकीत खुद्द सहकार मंत्र्यांचं पॅनेल हरलं. मतदार मोठा असला की निकाल कुणाच्या खिशात राहत नाही, एवढं तरी त्यातून दिसलं.

दुसरा मुद्दा खर्चाचा. तो खोटा नाही, पण त्यावर इलाज आहे. नेदरलँड्समध्ये बांध, कालवे, पाण्याची पातळी सांभाळणारी स्वतंत्र पाणी मंडळं तेराव्या शतकापासून आहेत. ती स्वतःचा कर घेतात आणि त्यांचं मंडळ रहिवासी निवडतात. २००८ मध्ये तिथं टपालानं मतदान घेतलं, तेव्हा चारातल्या एकानंही धड मत दिलं नाही. २०१५ पासून प्रांतांच्या निवडणुकीच्या दिवशीच हे मतदान घ्यायला सुरुवात झाली आणि टक्का चाळीसच्या वर गेला. आपल्याकडं जिल्हा परिषद-पंचायत समितीच्या मतदानाला गावोगावी केंद्रं लागतात, कर्मचारी येतात, बंदोबस्त असतो. त्याच दिवशी, त्याच शाळेत शेतकऱ्यासाठी आणखी एक पेटी ठेवता येणार नाही? त्यासाठी दोन निवडणूक यंत्रणांना एकत्र बसावं लागेल आणि कायद्यात दुरुस्ती करावी लागेल. अवघड आहे, पण अशक्य नाही.

तिसरा मुद्दा मात्र आपल्याला स्वतःलाच विचारायला हवा. दहा गुंठ्यांची अट म्हणजे मत माणसाला की जमिनीला? कॅलिफोर्नियात टुलारे लेक भागात पाण्याचं असंच एक मंडळ आहे. तिथं मत फक्त जमीनमालकाला आणि तेही जमिनीच्या किमतीच्या प्रमाणात. एका बड्या कंपनीकडं एवढी मतं होती की मंडळात बहुमत तिचंच. १९६९ च्या पुरात पाणी एका जुन्या तलावाच्या पात्रात सोडायचा विषय आला, तर मंडळानं तो बाजूला ठेवला, कारण ती जमीन याच कंपनीनं भाडेपट्ट्यानं घेतली होती. फटका रहिवाशांना बसला आणि त्यांना मत नव्हतं. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं ही पद्धत वैध ठरवली.

आपल्याकडं मतं जमिनीच्या किमतीवर नव्हती, एवढं बरं. पण घरात बघा. कांदा लावायला आई, खुरपायला आई, काटायला आई आणि सातबाऱ्यावर नाव बापाचं. २०१८ च्या पद्धतीतही अशा घरातल्या आईला मत नव्हतंच. बटईनं करणाऱ्याला नव्हतं. आणि दोन रुपयांचा चेक मिळालेल्या त्या शेतकऱ्यालाही नसतं, कारण सोलापूर बाजार समितीचं क्षेत्र उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांचं, तो बार्शीचा. माल इथं विकायचा आणि मत मात्र इथं नाही.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. जो या यार्डात माल विकतो, त्याला इथं मत मिळालं पाहिजे. सातबाऱ्यावर नाव असो वा नसो, गाव कुठलंही असो. काट्यावरची हिशोबपट्टी हाच त्याचा पुरावा. गेल्या काही वर्षांच्या पट्ट्या आणि त्यावरची नावं समितीच्या दप्तरात असतातच, त्यावरून यादी करता येते. पट्टी घरातल्या कुणाच्याही नावानं करता आली, तर आईचं नावही त्या यादीत येईल. आणि ही तरतूद अशी पक्की हवी की सरकार बदललं तरी ती बदलू नये.

तोवर आपण काय करायचं? या शनिवारी गावी गेलात की तीन गोष्टी विचारा. आपला माल कुठल्या अडत्याकडं जातो आणि पट्टी कुणाच्या नावानं निघते? सातबाऱ्यावर आईचं नाव आहे का? आणि आपल्या गावातून बाजार समितीसाठी मत कुणी दिलं, ते देण्याआधी आपल्या घरी कुणी विचारायला आलं होतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत एकच मिळेल. ते लिहून आमच्याकडं पाठवा.