ढाली कपाटात, मैदान कोठे?

वार्षिक स्नेहसंमेलनात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील माध्यमिक शाळा आपल्या संघांचे वर्षभराचे यश अभिमानाने वाचून दाखवतात. तो अभिमान रास्तच आहे. तालुका किंवा महापालिका पातळीपासून जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढणाऱ्या खेळाडूंचे श्रम कोणीही कमी लेखू नयेत.

परंतु कबड्डीच्या संघात मुले बारा, शाळेत मात्र शेकडो. उरलेल्यांचे काय?

निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले, १९४९ मध्ये नाव मिळालेले उल्हासनगर सुमारे १३ चौरस किलोमीटरांत वसले आहे. २०११ च्या जनगणनेत तेथे पाच लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. अंबरनाथ कारखान्यांभोवती वाढले. बदलापूर मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदारांमुळे. जमिनीला भाव आला आणि मोकळ्या जागेला कोणी वाली उरला नाही. ऐपतवानांची मुले शुल्क भरून खेळतात. कामगारांची मुले गल्लीत, वाहने चुकवीत.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या शाळांना मैदान आवश्यक ठरवले. मग नववी-दहावीच्या मुलांनी खेळू नये काय? कबड्डीचे मोठे मैदानसुद्धा अवघे १३ बाय १० मीटरचे असते!

कार्यकर्त्यांनी विकास आराखड्यांतील मैदानांची आरक्षणे तपासावीत, ती गिळली जात असल्यास जनतेसमोर मांडावीत. शाळांची मैदाने सायंकाळी वस्तीतील मुलामुलींना खुली व्हावीत, हाही आग्रह धरावा. आणि शाळांनी पुढील अहवालात ढालींबरोबर, वर्षभर प्रत्यक्ष खेळलेल्या मुलामुलींची संख्याही द्यावी.