संदेशांचा पूर आणि पुराचा संदेश

२७ जुलै २०१९ च्या पहाटे मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. गाडीतून उतरू नका, असे आवाहन रेल्वेने समाजमाध्यमावरून केले आणि अखेर सर्वांची सुखरूप सुटका झाली. त्या दिवशी होड्यांइतकेच मोल या एका वाक्याला होते. परंतु असे वाक्य वेळेवर पोचलेच नाही तर काय, याचा विचार आपण पुरेशा गांभीर्याने केलेला नाही.

२६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबई परिसरातील दूरध्वनी व भ्रमणध्वनी यंत्रणा कोलमडली होती. वीज गेल्याने मनोरे बंद पडले हे एक कारण. गर्दी हे दुसरे. बोलणे सुरू होण्यापूर्वी आपला दूरध्वनी मनोऱ्याकडे मार्गाची मागणी करतो. हजारो मागण्या एकाच क्षणी आल्या, की त्या एकमेकींवर आदळतात. मग प्रत्येकजण पुन्हा प्रयत्न करतो आणि गर्दी वाढतच जाते. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘अलोहा’ या बिनतारी संगणकजाळ्याने हाच धडा दिला. कोणीही केव्हाही संदेश धाडावा, अशी मुभा असल्यास वाहिनीची जेमतेम १८ टक्के क्षमता उपयोगी पडते.

तेव्हा केवळ वाहिन्या वाढवून भागणार नाही, शिस्त हवी. कल्याणपुढे कर्जतच्या दिशेने लोकल, मेल व मालगाड्या मोजक्याच रुळांवरून कशा सोडायच्या, याचा क्रम लावावा लागतो, हे अंबरनाथ-बदलापूरकरांना सांगावयास नको. संदेशांचेही तसेच आहे. शुभेच्छा दहा मिनिटे थांबू शकतात. पाणी चढत असल्याची सूचना थांबू शकत नाही. जेथे उत्तर ठरावीक मुदतीतच मिळावयास हवे, तेथे उशिरा आलेले अचूक उत्तरही चुकीचेच ठरते.

यावर उपाय उपलब्ध आहे. एकेका क्रमांकाला स्वतंत्र संदेश न धाडता मनोऱ्याच्या टापूतील सर्व दूरध्वनींना एकदाच इशारा देणाऱ्या प्रक्षेपण पद्धतीच्या चाचण्या देशात २०२३ मध्ये झाल्या. ऐकणारे शंभर असोत वा लाख, वाहिनीवरील भार तोच राहतो. मात्र मनोऱ्याची वीज टिकली पाहिजे आणि इशारा देणाऱ्याचा निर्णयही वेळेत झाला पाहिजे.

खरी अडचण येथेच आहे. उल्हास व वालधुनी या नद्या नगरपालिकांच्या हद्दी मानीत नाहीत. उल्हासनगरची महापालिका, अंबरनाथ व बदलापूरच्या नगरपालिका, बारवी धरण सांभाळणारे औद्योगिक विकास महामंडळ, रेल्वे आणि जिल्हा प्रशासन असे अनेक घटक येथे गुंतलेले आहेत. पाण्याची कोणती पातळी ओलांडताच कोणी, कोणत्या टापूला, किती मिनिटांत कळवावयाचे, हे पावसाळ्यापूर्वीच लेखी ठरले पाहिजे. मजकूर मराठी व हिंदीबरोबरच उल्हासनगरसाठी सिंधीतही तयार असावा. जुना इशारा रद्द करण्याची जबाबदारीही नेमून द्यावी. कारण ओसरलेल्या पाण्याचे भय पसरविणारा संदेश पुढच्या खऱ्या इशाऱ्याची पत घालवितो.

नागरिकांनीही अशा वेळी ऐकीव मजकूर व चित्रफिती पुढे ढकलण्याचा मोह आवरावा. ती वाट आपल्याच शेजाऱ्याच्या हाकेसाठी मोकळी ठेवावयाची आहे.