आणखी दोन किलोवॅट कोणासाठी?



गोडादऱ्यातल्या रो-हाऊसच्या गल्ल्यांतून हल्ली सोलरचे एजंट फिरतात. गंमत अशी की ज्यांच्या गच्चीवर आधीच पॅनेल आहेत, त्यांच्याच दाराशी ते जास्त रेंगाळतात. "काका, तीनचे पाच किलोवॅट करून घ्या. लाईटबिल शून्य, आणि वरून कंपनीच तुम्हाला पैसे देईल!" आम्ही बँकेत बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब लिहिणारी माणसे. तेव्हा या 'वरून' मिळणाऱ्या पैशांचाही हिशेब एकदा समाजापुढे मांडतो.

पहिल्या तीन किलोवॅटशी आमचे भांडण नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. घरात वापर असेल तर ते सोडू नये. ज्यांचे जुने पॅनेल एक-दोन किलोवॅटचेच आहे, त्यांनीही तीनपर्यंत वाढवताना उरलेल्या अनुदानाची चौकशी जरूर करावी. पण एजंट एक वाक्य गिळतो. अनुदान तिसऱ्या किलोवॅटला संपते. चौथा आणि पाचवा सगळा आपल्या खिशातून!

आता आकडे पाहा. जादा दोन किलोवॅटला एक लाख धरू. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे दोनांचे महिन्याला २४०. ही सगळी वीज घरात वापरली आणि युनिटला सात रुपये वाचले, तर वर्षाला वीस हजार. पाच वर्षांत पैसे वसूल. पण वापरणार कोण? पोरे नोकरीसाठी बाहेर, घरात दोन म्हातारी माणसे आणि एक पंखा. मग वीज जाते कंपनीकडे, आणि २०१९ च्या सूर्य-गुजरात योजनेत शिल्लक युनिटचा भाव ठरला २ रुपये २५ पैसे. या भावाने वर्षाचे झाले ६,४८०. तोच लाख सहा टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवला तर ६,००० व्याज येते, आणि मुद्दल शाबूत राहते. गच्चीवरचे मुद्दल मात्र ऊन खात झिजते, आणि दहा-बारा वर्षांत इन्व्हर्टर बदलायचा खर्च उभा राहतो तो वेगळाच. याला कमाई म्हणायचे असेल तर आमचे बी.कॉम. फुकट गेले!

उन्हाळ्यात बिल वाढले म्हणून घाबरलेल्यांनी आधी बादली आणि फडके घेऊन गच्चीवर जावे. आपल्याकडे धूळ किती बसते हे कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. शेजारी नवा मजला चढून पॅनेलवर सावली आली असेल, तर पॅनेल वाढवूनही ती हटणार नाही. आणि घरात खरोखरच नवा एसी किंवा विजेची गाडी आली असेल, तर खुशाल वाढवा; पण बारा महिन्यांची बिले समोर ठेवून. सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशनमध्ये तो उतरला का, तेही पाहावे. (आखाजीला कुरडया-पापड कुठे वाळवायचे, हा प्रश्न घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय सही करू नये!)

आमचा खरा राग वेगळाच आहे. 'मोफत वीज' म्हणून फलक लावणारे पुढारी छतावरचे किलोवॅट मोजतात, छत नसलेली माणसे मोजत नाहीत. जळगाव-धुळे-नंदुरबारहून येऊन दोन पिढ्या इथे राबलेली आपली कित्येक कुटुंबे आज फ्लॅटमध्ये नाहीतर भाड्याच्या खोलीत आहेत. गच्ची सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही! भाडेकरूला या योजनेत जागा कशी मिळेल, याबद्दल तर एकही नगरसेवक तोंड उघडत नाही. फ्लॅटवाल्यांसाठी मात्र याच योजनेत तरतूद आहे. सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, घरटी तीन किलोवॅटच्या हिशेबाने ५०० किलोवॅटपर्यंत. पाण्याची मोटर, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांचे बिल दर महिन्याला मेंटेनन्समधून सगळेच भरतात, आणि मोटर चालते ती बहुधा दिवसाच. इथे लावलेला पॅनेल चाळीस घरांचा खर्च कमी करील.

पण त्यासाठी सोसायटीचा ठराव लागतो, कागदपत्रे नीट लागतात, चार जणांनी एकत्र बसावे लागते. एजंट हे करणार नाही, कारण एका काकांना गाठणे सोपे असते. हे काम मंडळाचे आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सभासदांनी पुढच्या सभेला येताना आपल्या सोसायटीच्या सामाईक मीटरची गेल्या वर्षभराची बिले सोबत आणावीत. नगरसेवकांनाही त्याच सभेला बोलवू, आणि भाडेकरूंचे काय, ते त्यांना तिथेच विचारू.