इंजिन उघडण्यापूर्वी

मालवाहू पिकअप गाडी एका लिटर डिझेलमध्ये जितके किलोमीटर धावते त्या आकड्याला महाराष्ट्रातले चालक आणि मालक ‘ॲव्हरेज’ म्हणतात, आणि हा आकडा घसरला की गॅरेजमध्ये, बाजार समितीच्या आवारात किंवा ढाब्यावर जो निकाल तत्काळ दिला जातो तो बहुतेक वेळा एकच असतो : नोझल गेले, पंपाचे काम काढा, इंजिन उघडा. हा निकाल किती ठाम आवाजात दिला जातो यावरून त्याचे खरेपण ठरत नाही, आणि त्याची किंमत मात्र ज्याच्या गाडीचे हप्ते अजून फिटायचे आहेत अशा माणसाला मोजावी लागते. म्हणूनच त्याचे खंडन आवश्यक आहे. पण शास्त्रार्थाच्या जुन्या शिस्तीप्रमाणे प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळानिशी आधी मांडला गेला पाहिजे.

पूर्वपक्ष असा आहे. डिझेल जळते ते इंजिनात, तेव्हा ते जास्त जळू लागले तर दोष इंजिनातच असणार. आजच्या डिझेल इंजिनात नोझल, म्हणजे इंधनाची अतिसूक्ष्म फवारणी करणारा इंजेक्टर, एक हजार बारहून अधिक दाबाखाली काम करतो. त्याची छिद्रे झिजली किंवा त्याचे तोंड नीट मिटेनासे झाले की फवाऱ्याऐवजी थेंब पडतात, थेंब अर्धवट जळतात आणि धूर व खप दोन्ही वाढतात. याला अनुभवाचीही जोड दिली जाते : नोझल बदलले आणि ॲव्हरेज सुधारले, असे सांगणारे मिस्त्री आणि मालक गावोगाव भेटतात. याउपर शंका उरलीच तर डिझेलमधली भेसळ आणि १ एप्रिल २०२०पासून लागू झालेले बीएस-६ हे प्रदूषण मानक, अशी दोन कारणे हाताशी असतातच.

यातले पहिले अनुमान मुळातच सदोष आहे. घरातला पैसा तिजोरीतून जातो म्हणून तिजोरी उधळी ठरत नाही. खर्च कोणी आणि कशासाठी मागितला हे पाहावे लागते. इंजिन ऊर्जा पुरवते, पण ती मागतात टायर, वारा, चढ, वजन आणि ब्रेक, आणि ही मागणी वाढली तर निरोगी इंजिनही जास्त डिझेल पिणारच. अशा अनुभवाच्या दाखल्याला तर्कशास्त्रात काकतालीय न्याय म्हणतात : कावळा फांदीवर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याच्या भाराने फळ पडले असे ठरत नाही. नोझलच्या कामासाठी गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये उभी राहते तेव्हा तिचे ऑइल बदलले जाते, टायरात हवा भरली जाते, ब्रेक सैल करून पुन्हा बसवले जातात, आणि यश मात्र एकट्या नोझलच्या नावावर जमा होते.

बीएस-६वरचा आरोप तर अन्वय-व्यतिरेकाच्या साध्या कसोटीवरही टिकत नाही. कारण असेल तेथे कार्य असणे हा अन्वय, आणि कारण नसेल तेथे कार्यही नसणे हा व्यतिरेक. ज्या गाडीने पहिली दोन वर्षे लिटरला १२ किलोमीटर दिले आणि आता १० देते, ती पहिल्या दिवसापासून बीएस-६च होती. जी गोष्ट आधीही होती आणि आताही आहे, ती मधल्या काळात झालेल्या बदलाचे कारण कशी ठरेल? या आरोपात एक कण मात्र खरा आहे. धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीत काजळी साचली की ती जाळून टाकण्यासाठी गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून धुराचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेते; गाडी शहरातल्या छोट्या फेऱ्यांवर असेल तर ही सफाई अर्ध्यावर तुटते, पुन्हा पुन्हा सुरू होते आणि खप वाढतो. यावर उपाय आहे तो आठवड्यातून एखादी सलग, एका वेगातली लांब फेरी. जाळीच कापून फेकण्याचा जो सल्ला काही ठिकाणी दिला जातो तो उपाय नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली तो बेकायदेशीर बदल आहे आणि ती काजळी शेवटी बाजारात हमाली करणाऱ्या माणसांच्याच छातीत जाते.

भेसळीचा आणि मापात मारण्याचा प्रश्न खराच आहे, पण त्याचेही मोजमाप करून पाहावे. पेट्रोल पंपावरच्या मापाला ५ लिटरमागे २५ मिलिलिटरची सूट असते, म्हणजे अर्धा टक्का. रॉकेलच्या एका लिटरमधली ऊर्जा डिझेलपेक्षा साधारण तीन-चार टक्क्यांनी कमी असते, म्हणजे डिझेलमध्ये पाचवा हिस्सा रॉकेल मिसळलेले असले तरी त्या मिश्रणाची ऊर्जा जेमतेम एका टक्क्याने घटते. अशी भेसळ गाडीतला इंधनपंप आणि नोझल यांचे वंगण हिरावून गाडीचे मोठे नुकसान करते, आणि ५ लिटरचे प्रमाणित माप व घनतेची तपासणी मागण्याचा ग्राहकाचा हक्क त्याने बजावलाच पाहिजे. परंतु बारावरून दहावर आलेल्या ॲव्हरेजचा हिशेब एवढ्याने लागत नाही.

येथवर खंडन झाले. मंडन, म्हणजे स्वपक्षाची स्थापना, अशी : खप वाढणे हा एका भागाचा रोग नसून ऊर्जेच्या जमाखर्चात पडलेला फरक आहे, तो बहुधा अनेक लहान कारणांच्या बेरजेतून येतो, आणि ज्या भागाला स्वतंत्र चाचणीने दोषी ठरवलेले नाही तो भाग बदलण्याचा अधिकार कोणालाही नाही.

जमाखर्च तपासायचा तर आधी वही खरी हवी. पाचशे-हजार रुपयांचे डिझेल घालून काटा खाली येईपर्यंतचे किलोमीटर मोजण्याची जी सर्रास रीत आहे, तिला मापन म्हणता येत नाही, कारण टाकीचा काटा लिटर दाखवण्यासाठी नसून इशारा देण्यासाठी असतो. खरी रीत टाकी फुल करून मोजण्याची. तिच्यातही गाडी किंचित कलती उभी असली, डिझेलला फेस आला किंवा पंपाची नळी आपोआप लवकर बंद झाली तर लिटरभराची चूक सहज होते. वीस लिटरवर एक लिटरची चूक म्हणजे पाच टक्के, पण तीच नोंद सलग दहा भरण्यांची, दोनशे लिटरवर घेतली तर ती चूक अर्ध्या टक्क्यावर येते, कारण पहिल्या आणि शेवटच्या भरण्याखेरीज मधल्या साऱ्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. वहीत किलोमीटर आणि लिटर यांच्याबरोबर मार्ग आणि माल यांचेही रकाने हवेत : जुन्नर-ओतूरकडून माळशेज घाट उतरून कल्याणला भाजी नेणारी आणि रिकामे क्रेट घेऊन तोच घाट चढणारी गाडी, आणि नारायणगावाहून टोमॅटो भरून वाशीला जाणारी गाडी, यांच्या आकड्यांची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही.

वही लिहिणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. गाडी रस्ता मोजत नाही, ती चाकाचे फेरे मोजते. सुमारे ७०० मिलिमीटर व्यासाच्या नव्या टायरवर ८ मिलिमीटरची नक्षी असेल आणि झिजून ती २ मिलिमीटर उरली असेल, तर चाकाचा व्यास १२ मिलिमीटरने घटतो, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. झिजलेले चाक त्याच रस्त्यावर तितके जास्त फेरे घेते आणि मीटर तितके जास्त किलोमीटर दाखवते. त्यामुळे टायर नवे घातल्याबरोबर ॲव्हरेज पडले ही तक्रार अंशतः भास असते, आणि कंपनीने दिलेल्या मापापेक्षा मोठे टायर बसवलेले असतील तर हा भास आणखी मोठा होतो. अंशतः ती खरीही असते, कारण नव्या टायरचे जाड रबर दर फेऱ्याला जास्त चुरगळते आणि त्या चुरगळण्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. हवा कमी असली की हीच चुरगळ वाढते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार चारही टायरांतला सरासरी दाब एका पीएसआयने घटला की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्याने घटते. हा आकडा लहान दिसतो, पण टायरवर रॉड मारून आवाजावरून हवा ओळखणाऱ्याला दहा पीएसआयची तूट कळतही नाही, आणि मग दोन टक्के तेथेच निघून जातात. दाब गेजनेच आणि टायर थंड असताना पाहावा.

ब्रेकचा मुद्दा मात्र विस्ताराने मांडणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होते. पिकअपच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि हॅंडब्रेकची तार आवरणातून त्यांच्यापर्यंत जाते. पावसाळ्यातला चिखल आणि शेतरस्त्याची धूळ आवरणात शिरली की तार गंजते, हॅंडब्रेक सोडला तरी ती पूर्ण मागे सरत नाही, आणि लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे अस्तर, ड्रमला हलकासा चिकटून राहतो. गाडी ओढत नाही असे चालकाला स्पष्ट जाणवण्याइतका हा अडथळा नसतो, आणि त्यातच त्याचा धोका आहे. समजा हा अडथळा अवघ्या दहा किलो वजनाच्या ओढीइतका आहे. ताशी ६० किलोमीटरने चालणाऱ्या गाडीत एवढ्या ओढीवर मात करायला साधारण १.६ किलोवॉट शक्ती सतत खर्च होते. बादलीत पाणी तापवण्याचा विजेचा रॉड जेवढा असतो, तेवढीच ही शक्ती. म्हणजे ओतूरपासून कल्याणपर्यंत चाकाच्या ड्रममध्ये असा एक रॉड पेटता ठेवलेला असतो आणि त्याचे बिल डिझेलच्या टाकीतून भरले जाते. भरलेल्या पिकअपला सपाट रस्त्यावर टायर आणि वारा मिळून होणारा विरोध त्या वेगाला साठ किलोच्या आसपास धरला, तर इंजिनाचे स्वतःचे घर्षण जमेस धरूनही खपातली वाढ दशांशाच्या घरात जाते. एकाही नोझलला हात न लावता बारा किलोमीटरचे अकरा झाले ते असे.

याची चाचणी फुकट आहे. सपाट रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न वापरता, पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून ती आपोआप मंदावू द्यावी, आणि थांबल्यावर तळहात चारही चाकांच्या मध्यभागाजवळ, स्पर्श न करता, एकेक करून न्यावा. डावे आणि उजवे यांत स्पष्ट फरक असेल, एका चाकाची धग दुरूनच लागत असेल, तर लायनर, व्हील सिलिंडर, तार किंवा बेअरिंग यांपैकी काहीतरी अडकले आहे. पुढच्या चाकांबाबत शंका असेल तर ती जॅकवर उचलून हाताने फिरवली असता एक चाक दोन-तीन फेरे घेऊन थांबते आणि दुसरे अर्ध्या फेऱ्यातच थबकते, हा फरक पाहायला तर कोणतेही यंत्र लागत नाही.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ताशी ६०वरून ८०वर गेल्यास तो पावणेदोनपटीहून अधिक होतो. हौद्यावर केबिनपेक्षा उंच लोखंडी सांगाडा कायमचा बसवला आणि परतीला रिकाम्या हौद्यावर ताडपत्री फडफडत ठेवली, तर ही वाढ आणखी होते. डिझेल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करून सोडण्याची प्रथा मात्र येथेच निकालात काढली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक फवारणीची गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन डिझेल घेणे थांबवते आणि चाकेच त्याला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावेच लागते. म्हणजे माळशेज, कसारा किंवा खंबाटकीच्या उतारावर न्यूट्रल करणारा चालक डिझेल वाचवत नाही, तो ते खर्च करतो, आणि त्याबरोबर इंजिनाचा ब्रेक गमावून दीड टन मालाचा सारा भार तापत जाणाऱ्या ड्रमवर टाकतो. या समजुतीने माणसे दगावतात. तिच्याशी तडजोड करता येत नाही.

एवढे सारे निर्दोष ठरले तर इंजिनाची पाळी येते, आणि तेव्हाही चाचणी आधी, पाना नंतर. उघडा अडकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, इंजिनाला कायम थंड ठेवून खप वाढवतो. लांब फेरीतही तापमानाचा काटा खालीच राहत असेल तर तो तपासावा. टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर गेली की ओढ कमी होते, शीळ ऐकू येते, काळा धूर निघतो आणि जोडाजवळ तेलाचा ओलसर डाग दिसतो. नोझलबद्दल शंका असेल तर प्रत्येक नोझलमधून परत जाणारे डिझेल वेगवेगळ्या नळ्यांत काही मिनिटे जमा करून पातळ्यांची तुलना करावी. चौघांपैकी एकाची नळी इतरांच्या आधीच भरत असेल तर तो नोझल दोषी, आणि चारही सारखे असतील तर ते बदला म्हणणाऱ्याने दुसरा पुरावा द्यावा.

या वादात आणखी एक आरोपी असतो, आणि त्याची बाजू मांडायला सहसा कोणी नसते. गाडी मालकाची आणि स्टिअरिंगवर पगारी माणूस असेल, तर घसरलेल्या ॲव्हरेजचा पहिला अर्थ चालकाने डिझेल विकले असा लावला जातो. दिवसाला दोनशे किलोमीटर धावणारी गाडी १२ऐवजी १० देऊ लागली की रोज तीन लिटरहून अधिक डिझेल जास्त लागते, महिन्याच्या सव्वीस फेऱ्यांत ८५ लिटरच्या पुढे, आणि एवढी मोठी तूट पाहून मालकाचा संशय बळावतो हे समजण्यासारखे आहे. पण त्या तुटीतले काही लिटर टायरच्या रबरात, काही ताडपत्रीच्या फडफडीत आणि बरेचसे ड्रमच्या धगीत जळालेले असू शकतात, आणि ही धग डाव्या मागच्या चाकाजवळ कोणत्याही फेरीच्या शेवटी, मालक आणि चालक दोघांच्याही तळहाताला सारखीच लागते. एखाद्याला चोर म्हणण्यापूर्वी तेथे हात नेऊन पाहायला पाच मिनिटे पुरतात.