पेठ कोणाची, पथकर कोणाचा?

शहरे आपोआप वाढत नाहीत. माल आणि माणसे जेथे थांबतात, तेथे शहर उभे राहते. जेथून ती केवळ निघून जातात, तेथे धूळ उरते. 1891 साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसविली. खेड्यापाड्यांतील गूळ बैलगाडीने तेथे येऊ लागला, तेथेच त्याचे सौदे होऊ लागले आणि हमाल, तोलाईदार, गाडीवान अशा असंख्य हातांना काम मिळाले. वाहतुकीचा ओघ ओळखून राज्यकर्त्याने तो लोकांच्या पदरात वळविला, हे त्या निर्णयाचे मर्म होय.

आजचे राज्यकर्ते त्या ओघावर नाके बसवितात. शहरातील सुमारे 50 किलोमीटर रस्ते खासगी ठेकेदाराकडून करून घेऊन त्या बदल्यात 30 वर्षे पथकर देण्याचा करार कोल्हापूरकरांच्या माथी मारण्यात आला होता. भाई एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली जनता रस्त्यावर उतरली. डिसेंबर 2015 मध्ये शासनाला हा पथकर रद्द करावा लागला. तो दिवस पाहण्यास पानसरे हयात नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती.

नाके गेले, धोरण मात्र गेले नाही. सुमारे 802 किलोमीटरच्या नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाने तेच पुन्हा दाखवून दिले. शिरोळपासून आजऱ्यापर्यंतच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा 2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर जिल्ह्यातील भूसंपादनाची अधिसूचना मागे घेण्यात आली. निवडणूक आटोपली आणि जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाला पुन्हा मंजुरी दिली. याला लोकशाही म्हणावयाचे की हातचलाखी?

“रस्ता आला की विकास येतो,” असे आम्हांस सांगितले जाते. कोणता रस्ता? मोजक्याच ठिकाणी चढ-उतार असलेला द्रुतगती मार्ग वाटेवरच्या गावाला बाजारपेठ देत नाही. तो गावाचे शिवार चिरतो आणि पुढे जातो. ज्याची बागायत त्याखाली गाडली जाते, त्या शेतकऱ्याला आपल्याच रानात जाण्यासाठी वळसा पडतो. शिवाय 2019 आणि 2021 च्या महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. त्याच पूरक्षेत्रात आणखी एक भराव टाकला, तर पंचगंगा-कृष्णेच्या पाण्याने जावयाचे कोठे?

उलट कोल्हापूर-वैभववाडी लोहमार्ग पाहा. लांबी अवघी 107 किलोमीटरच्या आसपास. 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्याचा समावेश झाला, पण घाटात अद्याप रूळ पडलेले नाहीत. या मार्गाने कोकणची बंदरे आणि देशावरील बाजारपेठ जोडली गेली, तर कोल्हापूर शेवटचे स्थानक न राहता खरे जंक्शन होईल. त्यासाठी मात्र घाई नाही, कारण तेथे पथकराची मिळकत नाही.

कार्यकर्त्यांनी आत्मपरीक्षणही करावयास हवे. नाके हटविताना आपण एकजूट होतो. परंतु शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या कामगाराला वेळेवर बस मिळावी, यासाठी तेवढ्या जिद्दीने लढलो काय? नकाराचा लढा जिंकणे पुरेसे नाही. पुरेशी एस.टी., सक्षम नगरपालिका बससेवा आणि वैभववाडीचा लोहमार्ग ही आपली मागणी गावोगावच्या सभांतून घुमली पाहिजे. वाहतूक कोणाच्या दारात थांबावी, हे ठेकेदार ठरविणार नाही. ते जनता ठरवील.